चुना

दिवाळीच्या आधी गेडाममामा प्रेसला चुना लावतात.
चारही खांब, वरची तुळई, तुळईचे खांदे,
पातळ, ताकासारखा, एकच हात.
मी विचारलं, ऑइलपेंट का नाही?
"पेंट लपवते, म्याडम. चुना सांगते."

वडनेरच्या अलीकडे, डांबरी सोडून आत,
सरकीच्या वासाचं हे जिनिंग.
मी नागपूरहून आलेली. बॅगेत लॅपटॉप,
केसाएवढ्या तारांच्या चिकटपट्ट्या
आणि कोठारीशेठचं पत्र:
दाब वाढवून मिळावा. गाठ लहान झाली
की ट्रकमध्ये जास्त बसतात.

मामा गाठीची तार उचलतात.
जराशी वाकवतात, सोडतात. सरळ.
अजून जराशी. सरळ.
मग किंचित जास्त,
आणि तार तशीच राहते,
तुटलेली नाही, पण परत आलेलीही नाही.
"पुस्तकात याले काय म्हनते?"
यील्ड, मी म्हणते.
"आमच्यात म्हनते, मान टाकली."

तारेचं सोपं आहे. एक ओढ, एक आकडा.
तुळईच्या खांद्याशी एकीकडून ओढ, दुसरीकडून दाब,
तिसरीकडून काहीच नाही.
प्रयोगशाळेनं दिलेला आकडा मात्र एकच,
एका सरळ सळईला ओढून काढलेला.
त्या सळईवरून या खांद्याचं सांगायचं,
एवढीच आमची विद्या.

गोदामाच्या डांबर लावलेल्या दारावर
चुन्याच्या बोटानं मी काढते
एक तिरपं लंबवर्तुळ,
आणि आत, सहाही कोपरे त्याला टेकवून, षट्कोन.
आत असलात तर परत याल.
बाहेर गेलात की तसेच राहाल.
षट्कोन ट्रेस्काचा. तो सगळ्यात मोठ्या
आणि सगळ्यात लहान ताणामधला फरक बघतो,
मधल्याला विचारतच नाही.
लंबवर्तुळ व्हॉन मिसेसचं. ते तिघांचे आपसातले फरक घेतं,
वर्ग करतं, बेरीज करतं,
आकार बिघडवायला किती ऊर्जा लागली ते मोजतं.
प्रयोग बहुधा या दुसऱ्याच्या बाजूनं पडतात.
पहिला जरा भित्रा आहे.

"अन चारीकून सारखंच दाबलं तं?"
तर काही नाही, मामा. कितीही दाबा.
दोघंही शून्य म्हणतात. मोडतो तो फरक.
ते विहिरीकडे बघतात.
"आमच्या बापाचा गळ पडला व्हता तिच्यात.
तीस वर्सानं काढला. गंजला व्हता,
पन वाकला नव्हता."
तेवढ्या पाण्यानं तसंही काही वाकत नसतं,
हे मी सांगत नाही.
मुद्दा त्यांचा बरोबर आहे.

दुपारी मागितलेल्या दाबावर एक गाठ काढली.
मिसेसच्या हिशेबानं त्र्याण्णव टक्के.
ट्रेस्काच्या हिशेबानं एकशे चार.
म्हणजे माझा बिंदू नेमका त्या फटीत,
षट्कोनाबाहेर, लंबवर्तुळाच्या आत,
जिथं दोन शहाणी माणसं वेगवेगळं बोलतात
आणि सही एकटीची लागते.
फोनवर कोठारीशेठ: "म्हणजे एकानं पास केलं ना?"

मामा शिडीवर, टॉर्च तिरपा धरून.
"या. पाहा."
उजव्या खांद्याशी चुन्याचे पापुद्रे सुटले होते,
ओढीला तिरक्या, बारीक, समांतर रेघांत,
कंगवा फिरवल्यासारखे.
जुन्या वेल्डिंगनं आत दडवलेला ताण
माझ्या कोणत्याच समीकरणात नव्हता.
रेघा मात्र पुस्तकातल्याच कोनात.

मी जुनाच दाब कायम लिहिला.
खाली कारणासाठी दोन ओळी जागा होती,
दोन्ही पुरल्या नाहीत.

निघताना मामांना म्हटलं, तेवढ्या जागेला
पुन्हा एक हात मारून घ्या.
ब्रश धुऊन झाला होता. त्यांनी बादली पालथी घातली.
"राहू द्या आता. शेठले दिसू द्या."